खडूचे मानकरी

बाईंच्या प्रत्येक तासाला एक चूक व्हायची, आणि ती बाई स्वतः करायच्या.

विषय मेकॅनिक्स. तुळई, खांब, टेकू आणि कुणावर किती भार येतो त्याची गणितं. बाई फळ्यावर आकृती काढत, पायरी पायरीने गणित सोडवत, आणि मध्येच कुठेतरी बेमालूम माती खात. मग वळून हातांवरची पूड झटकत आणि गप्प उभ्या राहत. वर्गाला कळायचं, चूक झालेली आहे. कुठे, ते आता आपण शोधायचं. जो शोधेल त्याला बाई हातातला खडू देत, उरला असेल तेवढा. चूक सापडल्याशिवाय फळा पुसायचा नाही, हा नियम. कधी ती रात्रभर तशीच राही आणि सकाळी दुसऱ्या विषयाचे सर वर्गात शिरताच कपाळाला हात लावत.

यावरूनच सगळे त्यांना खडूबाई म्हणू लागले. शहरातल्या कितीतरी बांधकाम कचेऱ्यांत टेबलाचा खण उपसला असता तर पेन आणि टाचण्यांमध्ये एखादा खडूचा तुकडा निघाला असता. इंजिनिअर झालेली माणसंही तो टाकून द्यायला धजत नसत.

बाई सकाळीही शिकवत, पण त्यांचा जीव होता संध्याकाळच्या वर्गात. तिथे येणारी मंडळी दिवसभर नोकरी करून यायची. कुणी नकाशे काढणारा, कुणी बसचालक, कुणी दोन लेकरांची आई. आणि हा वर्ग आता आचके देत होता. कारखाने शहराबाहेर गेले, पाळ्या बदलल्या, कॉलेजला यायला दोन बस बदलाव्या लागू लागल्या. बाकं एकेक करून रिकामी झाली. पुढे चारदोन माणसं उरली आणि अगदी मागे, भिंतीला टेकून, एक मुलगी. छपाईच्या कारखान्यात कामाला असलेली. पावसापाण्याची, आजारपणाची सबब तिने कधी सांगितली नाही, पण दुसरंही काही कधी बोलली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. बाकीचे तिला ‘शेवटचा बाक’ म्हणत.

“बाई, विद्यार्थी येत नाहीत याचा अर्थ त्यांना शिकायचं नाही,” प्राचार्य म्हणाले. “वर्ग बंद करू.”

“शिकायचं नसतं तर नावं काढून घेतली असती, सर. शिकायचंय, यायला जमत नाही. ते येत नसतील तर आपण जाऊ.”

“कुठे जाऊ?”

“त्यांच्या मोबाइलवर. तास रेकॉर्ड करा. घरी बघतील, बसमध्ये बघतील, जेवणाच्या सुट्टीत बघतील.”

प्राचार्यांनी चष्मा काढला. नव्या तंत्राची मागणी घेऊन आजवर त्यांच्याकडे तरुण मास्तर येत. निवृत्तीला टेकलेली, खडूशिवाय जिची बोटं उघडी दिसतात अशी बाई पहिल्यांदाच आली होती. शेवटी त्यांनी एका सत्रापुरती परवानगी दिली, फक्त मेकॅनिक्सला. सत्राच्या मध्यावर समिती बसेल. जमलं तर संध्याकाळचा वर्ग याच वाटेने चालू राहील. नाही जमलं तर कायमचं कुलूप.

“आणि मग माझ्या दाराशी यायचं नाही,” प्राचार्य म्हणाले.

“नाही येणार. कुलूप लावायला तुम्हीच या,” बाई म्हणाल्या.

स्टाफरूममध्ये ही बातमी बाईंच्या आधी पोचली होती. “खडूबाई आता पडद्यावर! हिरॉईन होणार!” एक सर म्हणाले.

“होईन की. तुम्हाला मागच्या रांगेचा पास देईन. झोपायला बरं पडेल.”

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे जुनं कोठार. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, आणि पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद. तिथला कारभारी तिशीतला, कॉलेजात नवाच होता. जे नको ते कापायचं हेच त्याचं काम, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. तो मन लावून काम करायचा. बाईंच्या साडीचा रंग फळ्यात मिसळतो म्हणून त्याने त्यांना पहिल्या दिवशी परत पाठवून दुसरी साडी नेसून यायला लावली होती.

पहिला धडा बाईंच्या आवडीचा: दोन टेकूंवर ठेवलेली तुळई. “तुळईचं स्वतःचं वजनही धरायचं बरं का, ती काही कागदाची नाही,” असं त्या दर वर्षी सुरुवातीला म्हणत, तसंच आताही म्हणाल्या. मग तुळईवर एक जड वजन ठेवलं, डाव्या टेकूला अगदी लागून. अशा वेळी डाव्यावर जास्त भार येणार, हे दोघांनी मिळून कपाट उचललेल्या कुणालाही ठाऊक असतं. जड कप्पा ज्याच्या बाजूला, तो आधी ओरडतो. बाईंनी गणित मांडलं, सोडवलं, आणि मोठा आकडा उजव्या टेकूला देऊन टाकला. वळल्या. हात झटकले. गप्प उभ्या राहिल्या.

समोर कॅमेऱ्याचा काळा डोळा. मागे कात्री, हाताने ‘पुढे चला, पुढे चला’ अशा खुणा करतोय.

बाई हलल्या नाहीत. मनातल्या मनात त्या बाकांवरून नजर फिरवत होत्या. पुरेसा वेळ गेल्यावर म्हणाल्या, “सापडलं की कळवा,” आणि फळ्याजवळून बाजूला झाल्या.

“बाई, विसरलात का काही?” कात्रीने विचारलं.

“मी नाही विसरत. तू फळा पुसू नकोस.”

आता झालं असं की चूक सापडल्याशिवाय पुसायची नाही, या नियमावर बाईंनी वर्षानुवर्षं वर्ग चालवला होता, आणि कॅमेऱ्यासमोरही तोच चालेल हे त्यांनी गृहीत धरलं. बघणारे लोक पडद्याच्या पलीकडून ओरडतील, तो ओरडा कुठूनतरी आपल्यापर्यंत येईल, आणि पुढच्या धड्यात आपण खडूच्या मानकऱ्याचं नाव जाहीर करू. तो कुठून येईल, हे त्यांनी विचारलं नाही. कात्रीनेही सांगितलं नाही, कारण त्याला मुळात चूक झालीय हेच ठाऊक नव्हतं.

धडे गेले. प्रत्येकात एक चूक, प्रत्येकाच्या शेवटी तोच निरोप. आणि कुणीही, काहीही कळवलं नाही.

पहिल्या काही दिवसांत बाई वाट बघत. मग त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. वर्ग रिकामा होता तेव्हा निदान रिकामी बाकं दिसायची. आता समोर माणसं आहेत की भिंत, तेच कळेना. पालथ्या घड्यावर पाणी, असं त्यांना वाटू लागलं. आणि त्याहून वाईट म्हणजे आपण घड्यात चुकीचं पाणी ओततोय असं वाटू लागलं.

समितीची बैठक उद्यावर आली तेव्हा प्राचार्यांचा निरोप आला: ‘तुमच्या धड्यांबद्दल तक्रारींचा ढीग साचलाय. तयारीने या.’

घरात बाई आणि त्यांची थोरली नणंद, दोघीच. नणंदबाईंनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात घालवली होती. कान अजून तिखट, जीभ त्याहून.

“वहिनी, तुमचा तो पहिला धडा लावा बघू. तक्रार कशाची आहे ते तरी कळू दे.”

“नको हो वन्सं. मला माझा आवाज ऐकवत नाही.”

“आम्ही रोज ऐकतो. लावा.”

बाईंनी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावरच्या बाईंनी गणित सोडवलं, मोठा आकडा उजव्या टेकूला दिला, वळल्या आणि बाजूला झाल्या. धडा संपला.

“थांबा,” वन्सं म्हणाल्या. “मागे घ्या. इथे काहीतरी गेलंय. तुमचा हात वर होता तो एकदम खाली कसा आला? आणि तुम्ही बोलायच्या आधी श्वास घेता, तो कुठाय?”

बाईंनी मागे घेतलं. पुन्हा पाहिलं. वळणं आणि बाजूला होणं यांच्यामध्ये काहीच नव्हतं. गप्प उभं राहणं कुणीतरी कापून टाकलं होतं, आणि त्याबरोबर ‘सापडलं की कळवा’ हेही.

“म्हणजे मी चुकीचं उत्तर लिहिलं आणि निघून गेले,” बाई म्हणाल्या.

“अगदी ऐटीत,” वन्सं म्हणाल्या. मग बाईंचा चेहरा पाहून त्यांनी आवाज उतरवला. “सकाळी त्या मुलाला गाठा. मीही चुकीच्या ठिकाणी कनेक्शन तोडलेलं आहे, वहिनी. माणूस पलीकडे बोलतच राहतो. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच.”

सकाळी कात्रीने हात जोडले. “बाई, नियमच आहे. माणूस पडद्यावर जरा गप्प राहिला की बघणारा पळतो. कॉलेजच्या भाषणांतसुद्धा मी सगळ्यांच्याच शांतता कापतो. तुमच्या तर फार लांब होत्या. मला वाटलं, तुम्हाला शब्द आठवत नाहीयेत. म्हटलं, मोठ्या बाई, झाकून घेऊ. शेवटचं वाक्यही त्यातच गेलं.”

रागवायचं कसं? पोराने लाज राखली होती, नको तिथे.

“बरं. आता सांग, बघणाऱ्याला मला काही सांगायचं असेल तर तो कुठे सांगेल?”

“कुठेच नाही. खाली लिहायची सोय बंद ठेवलीय, लोक वाटेल ते लिहितात म्हणून. फक्त मदतकक्षाचा फोन आहे. चित्र अडकलं, आवाज गेला, त्यासाठी.”

बाई दारात थांबल्या. “आणि ते फोन?”

“रेकॉर्ड होतात सगळे. परत ऐकत कोणी नाही, फक्त किती आले ते मोजतात. तेच तर समितीला...” कात्री बोलता बोलता थांबला. त्याच्याही डोक्यात उजेड पडत होता. “बाई, आधी आपण ऐकून बघायचं का?”

घड्याळ बैठकीची वेळ दाखवत होतं. “वेळ नाही. घेऊन चल. जे असेल ते सगळ्यांसमोर ऐकू.”

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, एका टोकाला प्राचार्य. शेजारी दुसऱ्या विद्यापीठातून आलेले पाहुणे परीक्षक, सडपातळ, शिस्तीचे. त्यांनी बाईंचे धडे पाहिले होते. सगळे.

“मी स्पष्ट बोलतो,” पाहुणे म्हणाले. “पहिल्याच धड्यात डाव्याचं उत्तर उजव्याला. दुसऱ्यात चिन्ह उलटं. प्रत्येक धड्यात एक चूक. पहिल्या वर्षाच्या मुलाला कळाव्यात अशा. त्यात तक्रारींचा ढीग. हे विद्यार्थ्यांना कसं द्यायचं?”

“पहिल्या वर्षाच्या मुलाला कळाव्यात म्हणूनच केल्यात,” बाई म्हणाल्या आणि खडूची पद्धत सांगितली.

पाहुणे हसले नाहीत. “बाई, मान ठेवून सांगतो. चूक झाल्यावर ‘मुद्दाम केली’ म्हणायला काय लागतं? पडल्यावर सगळेच म्हणतात, बसायचंच होतं.”

प्राचार्य टेबलाकडे बघत राहिले. या कॉलेजात खडूची पद्धत जुन्या सगळ्यांना ठाऊक होती. पण ठाऊक असणं आणि परीक्षकासमोर साक्ष देणं यात फरक असतो.

“मग तक्रारी ऐकू या,” बाई म्हणाल्या. “मीही अजून ऐकलेल्या नाहीत.”

कात्रीने लॅपटॉप उघडला. मदतकक्षातल्या ताईंचा पाठ केलेला आवाज आला, “नमस्कार, ॲप बंद करून परत चालू करा.” पलीकडून एक माणूस म्हणत होता, चित्र अडकतंय. पुढचा फोन, आवाज येत नाही. त्याच्या पुढचा, गाव डोंगराआड आहे, रेंजच नाही, शिकायचं कसं? पाहुण्यांनी भुवया उंचावल्या. बाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला.

मग एक पुरुषी आवाज आला. मागे बसचं इंजिन गुरगुरत होतं.

“ताई, ॲप ठीक आहे. बाईंचं गणित चुकलंय. वजन डावीकडे आहे ना, मग उजवा टेकू का मरतोय?”

“ॲप बंद करून परत चालू करा.”

“अहो, ॲप चालू केलं तरी तुळई तीच राहणार!”

प्राचार्य खोकले. पुढच्या फोनवर लेकरू रडत होतं आणि त्याची आई एका श्वासात सांगत होती, “हॅलो, डाव्या बाजूचं उत्तर उजव्या बाजूला गेलंय, बाईंना सांगा, खडू माझा. थांब रे सोन्या. खडू माझा, नाव लिहून घ्या!” ताईंनी तिलाही ॲप बंद करायला सांगितलं. पुढचा आवाज घोगरा, रात्रपाळीहून आलेला: “चिन्ह उलटं पडलंय. पहिला मीच ना?” त्याच्या पुढे एक आवाज वैतागून, “मी तिसऱ्यांदा फोन करतोय! खडू देणार की नाही?”

कात्री एकेक फोन लावत गेला. चित्र अडकल्याचे फोन होते, रेंजचे होते, पण त्यांच्यामध्ये ठासून भरलेले हे होते, धड्यामागून धडा. शांतता कापली होती, निरोप कापला होता, लिहायची जागा बंद होती, आणि तरी मंडळी मिळेल त्या भोकातून ओरडत होती. बाईंचा चेहरा हळूहळू उजळत गेला, दिव्याची वात वर करावी तसा.

“हे सापडणारे झाले,” पाहुणे म्हणाले. आवाज मवाळ झाला होता, पण त्यांनी मुद्दा सोडला नव्हता. “ज्यांनी फोन केला नाही, उत्तर तसंच गिळलं, त्यांचं काय?”

“त्यांचं उत्तर आज माझ्याकडे नाही,” बाई म्हणाल्या. “वर्गात चेहऱ्यावरून कळायचं. इथे चेहरे नाहीत. ती सोय करावी लागेल, आणि लवकर.”

“आणि मुद्दाम केल्याचा पुरावा?”

“एक फोन राहिलाय,” कात्री म्हणाला आणि शेवटचा फोन लावला.

 मागे छपाईच्या यंत्राची लयीत खडखड. मग एक बारीक, अनोळखी आवाज, शब्द जपून ठेवणारा.

“डावं-उजवं तर दिसलंच. पण अजून एक आहे. सुरुवातीला बाई म्हणाल्या, तुळईचं स्वतःचं वजन धरायचं. मी मागे नेऊन चार वेळा पाहिलं. पुढे ते कुठेच धरलेलं नाही. दोन्ही टेकूंची बेरीज नुसत्या ठेवलेल्या वजनाइतकीच येते. मग तुळईचं वजन कुणी उचललं?”

फोन संपला.

पाहुण्यांनी धडा मागे नेला. सुरुवातीचं वाक्य ऐकलं. शेवटची बेरीज पाहिली. कागदावर काहीतरी खरडलं आणि बाईंकडे बघितलं. “हेही मुद्दाम का?”

‘हो’ म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं?

बाई उठून उभ्या राहिल्या होत्या, त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. “नाही!” त्या म्हणाल्या, आणि मोठ्याने हसल्या. “नाही हो! ही माझी खरी चूक. नोकरीला लागल्यापासून हेच उदाहरण शिकवतेय, हेच वाक्य म्हणतेय, आणि पुढे विसरतेय. एवढ्या पिढ्या गेल्या, कुणी पकडलं नाही. कसं पकडतील? वर्गात मागे नेता येत नाही. बोललं ते हवेत जातं, लिहिलं ते पुसलं जातं. या मुलीने मागे नेऊन पाहिलं! सर, मला वर्ग नको, काही नको, आधी ही मुलगी कोण ते सांगा.”

“शेवटचा बाक,” प्राचार्य हळूच म्हणाले. छपाईच्या कारखान्यातली ती एकच मुलगी हजेरीपटावर होती. “तिला आवाज आहे होय?”

पाहुणे परीक्षक आता मात्र हसले. “जी चूक स्वतःच्या गळ्यात पडतेय ती बाई टाळ्या वाजवून घेतायत,” ते म्हणाले, “मग बाकीच्यांबद्दल त्या खोटं बोलतील असं मला वाटत नाही. प्राचार्य, वर्ग चालू ठेवा. फक्त तो मदतकक्ष आधी बंद करून परत चालू करा.”

कुलूप लागलं नाही. धड्यांतल्या शांतता कात्रीने स्वतः शोधून परत जोडल्या. बाईंनी त्या प्रत्येक शांततेवर ‘सापडली का?’ अशी एक पाटी झळकवायला लावली, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की चित्र अडकलेलं नाही. आठवड्यातून एकदा बाई व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसू लागल्या, चेहरे बघायला, आणि पकडली गेलेली चूक तिथेच सगळ्यांदेखत दुरुस्त करायला. डोंगराआडच्या गावाला धडे पेनड्राइव्हमधून बसचालक नेऊन देई. त्याची बस त्याच रस्त्याने जायची. जे गळाले ते गळालेच. पण सत्राच्या शेवटी परीक्षेला माणसं आली तेव्हा शिपायाला शेजारच्या वर्गातून बाकं ओढून आणावी लागली.

पेपर संपला. बाई दारात खडूचा डबा घेऊन उभ्या होत्या. यातले बरेच चेहरे त्यांनी आजवर टपालाच्या तिकिटाएवढेच पाहिले होते.

“पेपर लांब होता हो, बाई,” एक जण बाहेर पडत म्हणाला.

“तुमचा उजवा टेकू मेला नाही ना?” बाईंनी विचारलं आणि त्याच्या हातावर खडू ठेवला. बसचालक बघतच राहिला.

“नाव लिहून घेतलं होतं का माझं?” मागून कुणीतरी म्हणालं, कडेवर लेकरू. बाईंनी न बघताच खडू पुढे केला. घोगरा आवाज आला, वैतागलेला आवाज आला. प्रत्येकाला तुकडा मिळाला, वर्गातल्या नियमाप्रमाणे.

सगळ्यांत शेवटी ती आली. समोर उभी राहिली आणि हजेरीला करायची तसा हात वर केला.

बाईंनी डब्यातून अख्खा, न वापरलेला खडू काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो मुठीत धरला. जायला निघाली. दारापर्यंत जाऊन वळली.

“बाई,” ती म्हणाली, आणि बाहेर खडू मिरवत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या माना वळल्या. “शेवटच्या धड्यात वाऱ्याचा जोर खांबाच्या चुकीच्या बाजूला लावलाय. ती मुद्दाम केलीय, की...?”

बाईंनी हातांवरची पूड झटकली, आणि गप्प उभ्या राहिल्या.